उबुंटू अपग्रेडनंतर देवघेवीचा प्रोग्रॅम डेटाबेसला जोडला जात नाही (मायएसक्यूएल ५.७ वरून ८.०)

देवघेव (धागाकर्ती), सोमवार सकाळ

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, मी तिथली ग्रंथपाल. मागच्या खोलीत उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टमचा सर्व्हर आहे, त्यावर मायएसक्यूएल हा डेटाबेस. देवघेवीच्या खिडकीत विंडोज ७ चा संगणक, त्यावर जुनं झॅम्प (संगणकावर वेब प्रोग्रॅम चालवणारा संच), पीएचपी ७.० (प्रोग्रॅम ज्या भाषेत आहे ती) आणि देवघेवीचा प्रोग्रॅम. सभासद, वर्गणी, अनामत, पुस्तकं, सगळं त्यातच. प्रोग्रॅम सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून डेटाबेसला जोडला जातो.

शनिवारी तंत्रज्ञांनी सर्व्हर उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर नेला. त्याबरोबर मायएसक्यूएल ५.७ चं ८.० झालं. आज खिडकी उघडल्यापासून एकच त्रुटी: क्रमांक २००२, 'नो कनेक्शन कुड बी मेड बिकॉज द टार्गेट मशीन ॲक्टिव्हली रिफ्यूज्ड इट'. पिंग होतंय, केबल ठीक आहे, पासवर्ड बदललेला नाही. तंत्रज्ञ आठवडाभर बाहेरगावी आहेत. सर्व्हरसमोर बसून कमांड देता येतात मला. देवघेव वहीत लिहून चालू आहे, पण कोणाकडे कोणतं पुस्तक आहे हेच दिसत नसल्यामुळे परत आलेली पुस्तकं नुसती बाजूला ठेवतोय. कुठून बघायला सुरुवात करू?

रात्रपाळी, सोमवार सकाळ

त्रुटीचा पूर्ण मजकूर दिलात हे फार बरं केलंत. 'ॲक्टिव्हली रिफ्यूज्ड' म्हणजे खिडकीतला संगणक सर्व्हरपर्यंत पोचला, पण ३३०६ या पोर्टवर (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या दारावर) तिथे ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून लगेच नकार आला. फायरवॉलने वाट अडवली असती तर बहुतेक वेळा बराच वेळ थांबून टाइमआउट येतो. पासवर्ड चुकला असता तर १०४५, ॲक्सेस डिनाइड. तेव्हा पासवर्ड, युझर, हक्क यांतल्या कशालाही आत्ता हात लावू नका, गाडी अजून तिथपर्यंत गेलेलीच नाही.

सर्व्हरवर 'सुडो सिस्टमसीटीएल स्टेटस मायएसक्यूएल' द्या आणि काय म्हणतंय ते इथे लिहा. मग एरर लॉगच्या शेवटच्या तीसेक ओळी वाचा. त्यात 'एरर' असलेली पहिली ओळ हवी आहे. सगळ्यात शेवटी जे 'अबॉर्टिंग' दिसतं तो परिणाम असतो, कारण त्याच्या वर सापडतं.

मुळाक्षर, सोमवार सकाळ

ताई, काहीही दुरुस्त करायच्या आधी एक काम करा. मायएसक्यूएल सेवा बंद करा आणि तिचं अख्खं डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवून घ्या. ८.० मधून ५.७ वर परत जाण्याला मायएसक्यूएलचा अधिकृत पाठिंबा नाही. तुमचा डेटा या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे हे गृहीत धरू नका, आहे तशी प्रत हवी. शिवाय अपग्रेडच्या आधीचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची मजकूर-फाईलमधली प्रत, आहे का?

देवघेव, सोमवार दुपार

डंप आहे. रोज रात्री बाह्य डिस्कवर जातो, शुक्रवार रात्रीचासुद्धा आहे. पण तो नोटपॅडमध्ये उघडून पाहिला तर मराठी नावांच्या जागी सगळी विचित्र रोमन अक्षरं दिसतायत, डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए' पुन्हा पुन्हा. प्रोग्रॅममध्ये नावं नेहमी नीट दिसायची. डंप खराब आहे का?

डेटा फोल्डरची प्रत घेतली. सेवा 'फेल्ड' दाखवतेय. लॉगमधली पहिली एररची ओळ: एमवाय-००००६७, 'अननोन व्हेरिएबल क्वेरी_कॅश_साइझ'.

रात्रपाळी, सोमवार दुपार

सापडलं. क्वेरी कॅश (आधीच्या प्रश्नांची उत्तरं साठवून ठेवणं) हा प्रकार ५.७ मध्ये होता, ८.० मधून पूर्ण काढून टाकलाय. कॉन्फिगमध्ये त्याची ओळ राहिली की सर्व्हर सुरूच होत नाही. कॉन्फ डॉट डी फोल्डरात कोणीतरी पूर्वी स्वतःची फाईल ठेवलेली असेल. तिच्यात क्वेरी कॅशने सुरू होणाऱ्या सगळ्या ओळींच्या आधी हॅशचं चिन्ह टाका आणि ती पूर्ण फाईल इथे चिकटवा. अपग्रेडचं पॅकेज अर्धवट राहिलं असण्याची शक्यता आहे, म्हणून नंतर 'सुडो डीपीकेजी' कमांड 'कॉन्फिगर' आणि 'ए' या पर्यायांसह चालवा. ८.० पहिल्यांदा सुरू होताना आतल्या सिस्टम तक्त्यांची रचना बदलतं, त्याला वेळ लागतो. मध्येच बंद करू नका.

मुळाक्षर, सोमवार दुपार

डंपबद्दल: तो बहुधा शाबूत आहे, जपून ठेवा. त्या 'ए' चा अर्थ मला कळला असं वाटतंय, पण आधी सर्व्हर उठू दे. तोवर एकच विनंती, जोडणी झाली तरी मला विचारल्याशिवाय नवीन नोंद करू नका.

देवघेव, सोमवार संध्याकाळ

सर्व्हर उठला! सर्व्हरवर बसून लॉगिन होतं, तक्ते दिसतात, सभासदांची संख्या बरोबर आहे. पण खिडकीतून तीच २००२.

जुन्या फाईलमध्ये क्वेरी कॅशच्या दोन ओळी होत्या, त्या बंद केल्या. बाकी फक्त एसक्यूएल_मोड बरोबर आणि पुढे काहीच नाही, अशी एक ओळ आहे.

रात्रपाळी, सोमवार संध्याकाळ

आता 'एसएस' कमांड 'एलटीएन' पर्यायांसह देऊन ३३०६ च्या आधी कोणता पत्ता आहे ते बघा. १२७.०.०.१ असेल तर सर्व्हर फक्त स्वतःशी बोलतोय. अपग्रेड करताना उबुंटू विचारतं, तुमची बदललेली कॉन्फिग फाईल ठेवायची की पॅकेजची नवी घ्यायची. नवी घेतली की बाइंड ॲड्रेस (सर्व्हर ज्या पत्त्यावर ऐकतो तो) मूळ जागी, म्हणजे १२७.०.०.१ वर जातो. यादीत ३३०६० सुद्धा दिसेल. तो ८.० सोबत आलेला एक्स प्रोटोकॉलचा पोर्ट आहे, त्याचा इथे संबंध नाही.

बाइंड ॲड्रेसमध्ये सर्व्हरचा स्वतःचा लॅनवरचा पत्ता लिहा. नेटवर सर्रास ०.०.०.० लिहायला सांगतात. त्याने काम होतं, पण मग डेटाबेस सर्व्हरच्या प्रत्येक नेटवर्कवर उघडा पडतो. सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक त्यात आहेत, ते जपायला हवेत.

देवघेव, मंगळवार सकाळ

पत्ता १२७.०.०.१ च होता. बदलला, सेवा पुन्हा सुरू केली. २००२ गेली. आता २०५४ आली: 'सर्व्हर सेंट कॅरसेट २५५ अननोन टू द क्लायंट. प्लीज रिपोर्ट टू द डेव्हलपर्स'.

झटपट, मंगळवार सकाळ

हे मला आलं होतं. कॅरसेट म्हणजे कॅरेक्टर सेट, अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत. मायएसक्यूएलच्या कॉन्फिगमध्ये कॅरेक्टर सेट सर्व्हर म्हणून यूटीएफ८ लिहा, कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम) यूटीएफ८ युनिकोड सीआय, रीस्टार्ट. लगेच जातं.

देवघेव, मंगळवार सकाळ

केलं. क्रमांक अजून २०५४ च आहे, पण मजकूर बदलला: 'द सर्व्हर रिक्वेस्टेड ऑथेंटिकेशन मेथड अननोन टू द क्लायंट, कॅशिंग_शा२_पासवर्ड'. आमच्या युझरचा प्लगइन (पासवर्ड तपासायची पद्धत) तपासला, तो तर जुनाच, मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड आहे. मग हे कुठून आलं?

रात्रपाळी, मंगळवार दुपार

एकाच क्रमांकाखाली दोन वेगळी दुखणी येतात, म्हणून क्रमांकाबरोबर मजकूरही द्यावा लागतो. अपग्रेडमध्ये जुन्या युझरचा प्लगइन बदलत नाही, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण क्लायंट जोडला जाताक्षणी सर्व्हर स्वतःचा डीफॉल्ट प्लगइन जाहीर करतो आणि ८.० मध्ये तो कॅशिंग शा२ आहे. ७.१.१६ च्या आधीचं पीएचपी (आणि ७.२ मध्ये ७.२.४ च्या आधीचं) ते नाव ऐकूनच थांबतं, युझर कोणत्या प्लगइनचा आहे हे बघायची पाळीच येत नाही. तुमचं ७.० आहे. हा प्लगइन पीएचपीला खऱ्या अर्थाने कळायला लागला तो ७.४ पासून.

तात्पुरता उपाय: कॉन्फिगमध्ये डीफॉल्ट_ऑथेंटिकेशन_प्लगइन बरोबर मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड लिहा आणि रीस्टार्ट करा. फक्त तात्पुरता. नेटिव्ह पासवर्ड ८.०.३४ पासून कालबाह्य ठरवलाय, ८.४ मध्ये तो मुळात बंद असतो आणि ९.० मधून काढूनच टाकलाय.

नदीपल्याड, मंगळवार दुपार

धाग्याशी लागून असलेला प्रश्न विचारतो. आमच्याकडे जावाचा प्रोग्रॅम आहे, मायएसक्यूएल ८.०. सर्व्हर रीस्टार्ट झाला की 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड'. मग कोणी वर्कबेंच या डेटाबेस हाताळायच्या साधनातून त्याच युझरने लॉगिन केलं की प्रोग्रॅम आपोआप चालू होतो. पुढच्या रीस्टार्टला पुन्हा तेच. हे काय आहे?

रात्रपाळी, मंगळवार दुपार

प्लगइनच्या नावातल्या 'कॅशिंग'मुळे होतंय. त्या युझरच्या पहिल्या लॉगिनला सर्व्हरला पासवर्ड सुरक्षित वाटेने हवा असतो: एकतर एसएसएल (कूटबद्ध जोडणी), नाहीतर सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून. एकदा खात्री पटली की तो मेमरीत एक खूण ठेवतो, मग साध्या जोडणीवरही लॉगिन चालतं. वर्कबेंच एसएसएलने आत गेला, खूण तयार झाली, तुमचा जावा प्रोग्रॅम तिच्यावर चालला. रीस्टार्टला किंवा फ्लश प्रिव्हिलेजेसला खूण पुसली जाते. तुमच्या जोडणीच्या ओळीत एसएसएल बंद केलेलं असणार, ते चालू करा. 'अलाउ पब्लिक की रिट्रीव्हल' ट्रू करूनही काम होतं, पण मग मध्येच बसलेला कोणी स्वतःची किल्ली पुढे करू शकतो.

देवघेव, मंगळवार दुपार

जोडलं गेलं! पण मंडळी, सगळी मराठी नावं बिघडलीत. नोटपॅडमध्ये दिसली तशीच अक्षरं आता प्रोग्रॅममध्ये दिसतायत. आणि मी मागच्या खोलीतून येईपर्यंत खिडकीतल्या सहकाऱ्यांनी काही नवे सभासद नोंदवले, त्यांच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत. एवढ्या वर्षांची नोंद गेली का?

मुळाक्षर, मंगळवार दुपार

गेलेली नाही. पण खिडकीतला प्रोग्रॅम आत्ता बंद करा, या मिनिटाला. मग बाकीचं वाचा.

तुमचे तक्ते लॅटिन-१ मध्ये, म्हणजे युरोपीय अक्षरांपुरत्या कॅरेक्टर सेटमध्ये, बनलेले आहेत. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत तेच डीफॉल्ट होतं, आणि आपल्याकडे असे असंख्य प्रोग्रॅम त्यावर मराठी साठवत आले. ते कसं चालायचं? पीएचपीला कॅरेक्टर सेट सांगितला नसेल तर ते सर्व्हर जो सांगेल तो घेतं. सर्व्हर म्हणायचा लॅटिन-१, तक्ता लॅटिन-१, म्हणून मराठीच्या यूटीएफ८ बाइट कोणीही न बदलता आत जायच्या आणि तशाच बाहेर यायच्या. सर्व्हरला ते मराठी आहे याचा पत्ताच नव्हता, आणि तरीही सगळं नीट दिसायचं. आता सर्व्हर म्हणतो यूटीएफ८. मग प्रत्येक बाइटला तो एकेक लॅटिन अक्षर समजून यूटीएफ८ मध्ये रूपांतर करून पाठवतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर ई० या बाइटने सुरू होतं आणि लॅटिन-१ मध्ये ई० म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए'. डंपमध्ये तो दिसला कारण मायएसक्यूएलडंप आधीपासूनच यूटीएफ८ मध्ये लिहितं. तो डंप त्याच जुन्या तक्त्यांत परत भरला तर बाइट जशाच्या तशा जागेवर येतात.

प्रश्नचिन्हांची गोष्ट वेगळी आणि वाईट आहे. यूटीएफ८ ची जोडणी, त्यावरून मराठी नाव, आणि तक्ता लॅटिन-१. लॅटिन-१ मध्ये 'म' नाही. सर्व्हर एरर १३६६ देऊन थांबला असता, पण तुमच्या फाईलमधल्या त्या रिकाम्या एसक्यूएल मोडमुळे कडक तपासणी बंद आहे, म्हणून त्याने निमूट प्रश्नचिन्हं लिहिली. ती नावं डेटाबेसमधून परत मिळणार नाहीत, अर्जावरून पुन्हा भरा. जुनी नावं सुरक्षित आहेत. मात्र बिघडलेलं दिसतंय म्हणून कोणी एखादी जुनी नोंद उघडून 'जतन' केली असेल तर तीही गेली. आज कोणत्या नोंदींना हात लागला ते आत्ताच विचारून लिहून ठेवा.

आता कॅरेक्टर सेट सर्व्हरच्या जागी यूटीएफ८ ऐवजी लॅटिन-१ लिहा, कोलेशनची ओळ काढा, रीस्टार्ट करा. आधी होतं तसं दिसेल.

झटपट, मंगळवार संध्याकाळ

मी सांगितलेली ओळ आमच्याकडे चालली, कारण आमचे तक्ते आधीपासून यूटीएफ८ होते. कॅरसेट २५५ चा उपाय सुचवताना तक्ता कोणत्या कॅरेक्टर सेटमध्ये आहे हे आधी विचारायला हवं, हे मला आज समजलं. देवघेव ताई, त्या अर्जांची नोंद करायला काही मदत लागली तर नक्की सांगा.

देवघेव, मंगळवार संध्याकाळ

नावं परत दिसायला लागली. एकेक पान उघडून बघितलं. सहकाऱ्यांनी जुन्या कोणत्याही नोंदीला हात लावलेला नव्हता, फक्त नवे सभासद, आणि त्यांचे अर्ज फाईलला आहेत. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यापासून देवघेव पुन्हा संगणकावर.

पण आता मला हे कायमचं नीट करायचंय. पुन्हा कोणी अपग्रेड केलं की हाच खेळ नको. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते.

रात्रपाळी, बुधवार

मग एक बदल सुचवतो. उबुंटू २०.०४ सोबत पीएचपी ७.४ येतं आणि त्याला कॅशिंग शा२ कळतं. देवघेवीचा प्रोग्रॅम खिडकीतल्या झॅम्पमधून उचलून सर्व्हरवरच ठेवा. खिडकीत फक्त ब्राउझर लागेल. डेटाबेस त्याच यंत्रावर असल्यामुळे बाइंड ॲड्रेस पुन्हा १२७.०.०.१ करता येईल आणि ३३०६ लॅनवर उघडा ठेवायची गरज संपेल. डेटाबेसला जोडायला प्रोग्रॅम पीएचपीचं मायएसक्यूएलआय वापरतो ना? जुनं मायएसक्यूएल_कनेक्ट असतं तर ते पीएचपी ७.० वरही चाललं नसतं, तेव्हा अडचण येऊ नये.

मुळाक्षर, बुधवार

तक्त्यांचं रूपांतर आधी प्रतीवर करा. डंप घ्या, 'चाचणी' नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये भरा, आणि सगळं आधी तिथे.

नेटवर 'ऑल्टर टेबल कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४' असं एका ओळीचं उत्तर मिळेल (यूटीएफ८एमबी४ म्हणजे यूटीएफ८ चं पूर्ण रूप). तुमच्या डेटासाठी ते घातक आहे. सर्व्हर पुन्हा बाइटला अक्षर समजेल आणि बिघडलेलं रूप कायमचं तक्त्यात बसेल. दोन पायऱ्यांनी जायचं: व्हारकॅर (ठराविक लांबीपर्यंतचा मजकूर) असलेला रकाना त्याच लांबीचा व्हारबायनरी (नुसत्या बाइट) करा, मग व्हारबायनरीचा यूटीएफ८एमबी४ मधला व्हारकॅर करा. टेक्स्ट असेल तर मधे ब्लॉब. बायनरीत गेलं की सर्व्हर बाइटचा अर्थ लावायचं सोडतो. मॉडिफाय लिहिताना नॉट नल, डीफॉल्ट वगैरे जे काही त्या रकान्याला होतं ते सगळं पुन्हा लिहावं लागतं, नाहीतर ते गळून जातं.

आणि सुरुवात करण्याआधी त्या सत्रापुरता एसक्यूएल मोड कडक करा. कारण सांगतो. लॅटिन-१ मध्ये शंभर लांबीचा रकाना म्हणजे शंभर बाइट. देवनागरीला दर अक्षराला तीन लागतात, काना, मात्रा, हलन्त सुटे मोजून. 'ज्ञानेश्वर' या एका नावाचे तीस बाइट होतात. म्हणजे शंभरात तेहेतीस अक्षरं बसतात आणि एक बाइट उरतो, त्यात पुढच्या अक्षराचा तुकडा अडकतो. लांबलचक पुस्तकनामांच्या शेवटी तुम्हाला काळा चौकोन दिसत असेल तो हाच. कडक मोडमध्ये रूपांतर तिथे एरर देऊन थांबेल, सैल मोडमध्ये गुपचूप कापून पुढे जाईल. लेंग्थ बरोबर शंभर अशा ओळी आधीच शोधून काढा.

सहीशिक्का, बुधवार

मी एका नगरवाचनालयाचं असंच काम केलंय, त्यातून एक भर घालतो. रूपांतर झाल्यावर साठवलेल्या बाइट दाखवणाऱ्या हेक्स फंक्शनने नावांच्या सुरुवातीच्या बाइट तपासतात. ई०ए४ ने सुरू झालं तर ठीक, सी३ए०सी२ए४ दिसलं तर दुहेरी रूपांतर झालंय. पण 'ॲड.' लावलेले वकील सभासद असतील तर त्यांची नावं ई०ए५ ने सुरू होतात, कारण 'ॲ' हे युनिकोडमध्ये नंतर आलेलं अक्षर त्या पुढच्या गटात आहे. त्यांना बिघडलेलं समजू नका. काही संगणकांवर हेच अक्षर 'अ' आणि चंद्र असं दोन भागांत टंकलेलं असतं. दिसायला सारखं, शोधायला वेगळं. दोन्ही प्रकार सापडतील, ते एका रूपात आणून टाका, नाहीतर वकिलांचं नाव शोधताना निम्मे सापडत नाहीत.

देवघेव, शनिवार

झालं. चाचणीच्या प्रतीवर कडक मोडमध्ये पुस्तकांच्या तक्त्याने लगेच १३६६ दिली, मुळाक्षर यांनी सांगितलेल्याच ओळींवर. तुटलेली शीर्षकं छापील दाखल नोंदवहीवरून पूर्ण केली. आता रकान्यात शंभर बाइटच्या जागी शंभर अक्षरं बसतात, त्यामुळे आधी अर्धवट राहिलेली उपशीर्षकंही भरता आली, याचा आनंद वेगळाच आहे. मग खऱ्या डेटाबेसवर तेच केलं. हेक्सने पाहिलं, सी३ए० कुठेच नाही. 'ॲ' चे दोन्ही प्रकार निघाले, ते एक केले.

प्रोग्रॅम सर्व्हरवर आणला. जोडणीनंतर लगेच सेट_कॅरसेट मध्ये यूटीएफ८एमबी४ सांगणारी ओळ घातली आणि लॅटिन-१ ची तात्पुरती ओळ काढली. एसक्यूएल मोडची रिकामी ओळही काढली. त्याने एका फॉर्मवर एरर यायला लागली. तारखेचा रकाना मोकळा सोडला तर प्रोग्रॅम रिकामी तारीख पाठवायचा, तिथे नल पाठवायला लावलं. आता एकच शंका. डीफॉल्ट ऑथेंटिकेशन प्लगइनची ओळ अजून कॉन्फिगमध्ये आहे, ती राहू दिली तर चालेल का?

रात्रपाळी, शनिवार

काढा. पण आधी डेटाबेसच्या युझरला नव्या प्लगइनवर न्या: ऑल्टर युझर, आयडेंटिफाइड विथ कॅशिंग_शा२_पासवर्ड, बाय आणि नवा पासवर्ड. प्रोग्रॅमच्या कॉन्फिगमध्ये तोच पासवर्ड लिहा, एकदा उघडून पाहा, मग ती ओळ पुसून रीस्टार्ट करा आणि पुन्हा उघडून पाहा. ८.४ मध्ये ते व्हेरिएबलच राहिलेलं नाही. ओळ तशीच राहिली तर पुढच्या अपग्रेडला लॉगमध्ये पुन्हा 'अननोन व्हेरिएबल' येईल आणि सर्व्हर उठणार नाही. तंत्रज्ञ परत आले की त्यांना हा धागा दाखवा, आणि कॉन्फ डॉट डी मधल्या फाईलच्या वरच कोणती ओळ कधी आणि का बदलली ते हॅश लावून लिहून ठेवा.